ट्रेझररचं काम बदलायचा प्रश्न बॅलटवर आला तर तो कसा वाचायचा

अमेरिकेत कधीकधी राज्याच्या घटनेत दुरुस्ती (अमेंडमेंट) करून ट्रेझररचं पद काढायचं का किंवा त्याचे अधिकार बदलायचे का, हे थेट मतदारांना बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, यस-नो करून विचारतात. आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते. अमेरिकेतल्या राज्याचा स्टेट ट्रेझरर म्हणजे आपल्याकडचा अर्थमंत्री नव्हे. तो बजेट मांडत नाही, टॅक्स किती लावायचा तेही ठरवत नाही. बजेट गव्हर्नर मांडतो, मंजूर विधिमंडळ करतं, आणि ट्रेझररच्या वाट्याला येतं ते आलेला पैसा सांभाळणं, बिलं आणि पगार भागेपर्यंत जो पैसा पडून असतो तो कुठे गुंतवायचा ते बघणं, बऱ्याच राज्यांत कर्जरोखे काढणं, लोकांचे विसरलेले पैसे शोधून परत देणं, मुलांच्या कॉलेजसाठीच्या ५२९ नावाच्या बचत योजना चालवणं, पेन्शनच्या बोर्डावर बसणं वगैरे. गणपती मंडळाचा खजिनदार डोळ्यासमोर आणा. वर्गणी किती घ्यायची, डेकोरेशनवर किती उडवायचं ते कमिटी ठरवते, पण पेटीची किल्ली आणि पावतीपुस्तक त्याच्याकडे, आणि अध्यक्षाला परस्पर पेटीत हात घालता येत नाही तो त्याच्यामुळेच.

आता हे काम प्रत्येक राज्यात वेगळं असतं, हेही डोक्यात ठेवा. बऱ्याच राज्यांत ट्रेझरर थेट मतदानाने निवडून येतो, मेरीलँड, मेन, न्यू हॅम्पशर, टेनेसी इथे विधिमंडळ निवडतं, न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मिशिगनमध्ये गव्हर्नर नेमतो, आणि टेक्सास, मिनेसोटा, फ्लोरिडा इथे तर हे पदच आता नाही, मतदारांनीच मोडीत काढलं. त्यामुळे न्यू जर्सीतला आतेभाऊ फोनवर "अरे काही नसतं त्यात, यस करून टाक" म्हणाला तर त्याचं ऐकू नका, त्याच्याकडे ट्रेझररला मत द्यायची वेळच येत नाही.

अजून एक, हे सगळं फक्त सिटिझन झालेल्यांसाठी. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर वाचा, चर्चा करा, पण मत नाही आणि मतदार नोंदणीही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना फॉर्ममध्ये किंवा काउंटरवर "मतदार म्हणून नोंदवू का" असं सहज विचारतात, तिथे घाईत हो म्हणून मोकळं होऊ नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला ते भारी पडतं.

तर पहिलं काम म्हणजे सॅम्पल बॅलट बघायचं, मतदानाच्या दिवशी नाही, किमान दोनेक आठवडे आधी. बऱ्याच राज्यांत निवडणूक खात्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की मिळतं. त्यात प्रश्न दिसेल तो मूळ दुरुस्ती नसतोच, तो तिचा एका वाक्यातला सारांश असतो, आणि सारांश कोणीतरी लिहिलेला असतो हे विसरू नका. मूळ मजकूर वेगळा काढा. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (परराष्ट्रमंत्री नव्हे, राज्याच्या नोंदी आणि बऱ्याच ठिकाणी निवडणुका बघणारा अधिकारी) साइटवर किंवा विधिमंडळाच्या साइटवर तो असतो, आणि त्यात साधारणपणे जाणारे शब्द खोडलेले किंवा कंसात टाकलेले आणि नवे शब्द अधोरेखित असतात. वाचायचं ते खोडलेलं आधी, नवं नंतर. आपण सगळे उलटं करतो, नवीन काय येतंय ते बघतो, आणि जे जातंय ते तसंच निसटतं.

मग एक कोरा कागद घ्या आणि चार रकाने पाडा: काम कोणतं, आज कोण करतं, उद्या कोण करणार, आणि त्याच्यावर नजर कोणाची राहणार. बस. "हे पद उपयोगाचं आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवा, प्रचारात सगळे तोच विचारतात आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं आधीच ठरलेलं असतं. काम कुठे जातंय आणि त्या हातावर दुसरा हात कोणाचा, हे कागदावर आलं की निम्म्याहून जास्त प्रचार आपोआप गळून पडतो.

नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक खरं प्रकरण घेऊ. विस्कॉन्सिन, ३ एप्रिल २०१८. बॅलटवर प्रश्न असा की राज्यघटनेच्या सहाव्या कलमातले सेक्शन १ आणि ३, दहाव्या कलमातले सेक्शन ७ आणि ८ दुरुस्त करून, चौदाव्या कलमात एक नवा सेक्शन घालून ट्रेझररचं पद घटनेतून काढून टाकायचं का, आणि पब्लिक लँड्सच्या बोर्डावर ट्रेझररच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नरला, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या माणसाला, बसवायचं का. एका दमात वाचलं तर डोकं गरगरतं. ठळक दिसतं ते "पद काढायचं का", आणि वाक्याच्या शेपटीला ते बोर्ड लटकलेलं असतं.

पद काढा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. या ट्रेझररला कामच काय उरलंय? पगार वर्षाला ७० हजार डॉलरच्या आसपास, ऑफिस जवळजवळ रिकामं, मग हवंय कशाला. तेव्हाचे ट्रेझरर मॅट अॅडमझिक तर २०१४ साली निवडून आले तेच मुळी "मला निवडा, मी हे पद बंद करतो" असं सांगून. ऐकायला एकदम प्रामाणिक वाटतं आणि मुद्दा खोटाही नव्हता, काम खरंच उरलं नव्हतं.

पण काम उरलं का नव्हतं? इथे तुमच्या दुसऱ्या रकान्यात थोडं मागे जावं लागतं, म्हणजे आज हे काम कोण करतं एवढंच नाही, काल कोण करत होतं तेही. कॉलेज सेव्हिंगची योजना आधी ट्रेझररकडे होती, ती प्रशासन खात्याकडे गेली. विसरलेले पैसे परत द्यायचं काम ट्रेझररकडे होतं, ते २०१३ च्या बजेटमध्ये महसूल खात्याकडे गेलं. दोन्ही खाती गव्हर्नरच्या हाताखालची. हे बदल साध्या कायद्याने झाले, त्यासाठी मतदारांना कोणी विचारलं नाही, कारण विस्कॉन्सिनची घटना म्हणते की ट्रेझररची कामं कायद्याने ठरतील. म्हणजे एकेक काम काढून घ्यायचं आणि सगळं रिकामं झाल्यावर विचारायचं की या रिकाम्या माणसाला ठेवायचं कशाला! यात कोणाचा काही कट होता असं मी म्हणत नाही, आधीच्या वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळ्या कारणांनी हे केलं, पण क्रम लक्षात घ्या. कुठल्याही राज्यात "हे पद निरुपयोगी आहे" असं ऐकलं की आधी हे शोधायचं की ते निरुपयोगी कधीपासून झालं आणि कोणी केलं.

आता ते शेपटीतलं बोर्ड. बोर्ड ऑफ कमिशनर्स ऑफ पब्लिक लँड्स, तीन जणांचं, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ट्रेझरर आणि अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य वकील. हे राज्य झालं १८४८ साली, तेव्हा शाळांसाठी म्हणून जमिनी मिळाल्या होत्या, त्या विकून जो फंड उभा राहिला तो हे तिघं सांभाळतात. फंड तेव्हा साधारण अब्ज डॉलरच्या घरात पोचला होता. त्यातून गावांना, शाळांना कर्ज दिलं जातं, आणि उत्पन्न जातं सरकारी शाळांच्या लायब्ररीला, पुस्तकांना. कित्येक शाळांच्या लायब्ररीत पुस्तकं येतात ती या पैशातून. ज्याला सगळे रिकामटेकडा म्हणत होते त्याचं मत तीनातलं एक, आणि तीन जणांच्या बोर्डात एक मत म्हणजे किती हे सांगायला नको. २०१५ मध्ये याच बोर्डाने ठराव केला होता की कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत क्लायमेट चेंजवर काम करायचं नाही. ठराव दोन विरुद्ध एक असा झाला, ट्रेझरर आणि अॅटर्नी जनरल बाजूने, सेक्रेटरी ऑफ स्टेट विरोधात. ठराव तुम्हाला पटो न पटो, ट्रेझरर फिरला असता तर निकालही फिरला असता.

आणि यस झालं असतं तर त्या खुर्चीत कोण? लेफ्टनंट गव्हर्नर, जो नोव्हेंबरच्या निवडणुकीत गव्हर्नरच्याच जोडीने, दोघांना मिळून दिलेल्या एकाच मतावर निवडून येतो, ट्रेझररसारखा स्वतःच्या नावावर नाही. चौथा रकाना भरताना हीच जागा रिकामी दिसते. आधी स्वतंत्रपणे निवडून आलेला माणूस होता, नंतर गव्हर्नरच्या जोडीदाराचा हात आत. काहींना ते चालेलही, सोपं होतं कारभार म्हणतील, ठीक आहे. पण यस करायचं तर हे माहीत असून करावं, "एक पगार वाचतो" म्हणून नको.

विस्कॉन्सिनच्या लोकांनी साधारण ६२ टक्के मतांनी नो म्हटलं. पद वाचवायच्या बाजूने फिरलेल्या सारा गॉडलेव्स्की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रेझरर म्हणून निवडून आल्या. एवढं झालं तरी काढून घेतलेली कामं काही त्या मतदानाने परत आली नाहीत, नो म्हणजे आहे तसंच राहणार, आधी होतं तसं होणार नाही. हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.

दुसरा नमुना वेगळ्या जातीचा, तिथे पद जात नाही, अधिकार सरकतो. मिझुरी, ८ नोव्हेंबर २०२२, अमेंडमेंट १. सेंट लुईस किंवा कॅन्सस सिटीच्या बाजूला असाल तर आठवेल, त्याच बॅलटवर गांजा कायदेशीर करायचं अमेंडमेंट ३ होतं आणि सगळी चर्चा त्याचीच, हे बिचारं कोणाच्या गावीही नव्हतं. मिझुरीच्या घटनेत लिहून ठेवलंय की ट्रेझररने राज्याचा पैसा कशाकशात गुंतवायचा, म्हणजे केंद्र सरकारचे रोखे, बँकेतल्या ठेवी अशी मोजकी ठिकाणं. प्रश्नात दोन गोष्टी होत्या. एक, ट्रेझररला चांगल्या रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे पैसा परत मिळायचा भरवसा किती त्याचा दर्जा) म्युनिसिपल रोख्यांतही पैसा घालू द्यायचा का, म्हणजे लांब मुदतीच्या वरच्या पाच रेटिंगपैकी एक हवं किंवा छोट्या मुदतीचं सर्वात वरचं. दोन, राज्याच्या गुंतवणुकीवर घटनेत जी बंधनं आहेत ती विधिमंडळाला ओलांडू द्यायची का.

पहिली गोष्ट बघा, शहरांनी, शाळांनी काढलेले रोखे, रेटिंग चांगलं, व्याज जरा जास्त, नाही म्हणण्यासारखं फार काही नाही. पण दुसरी? आज बंधन घटनेत आहे, म्हणजे बदलायचं तर लोकांना विचारावं लागतं. उद्या ते साध्या कायद्याने होणार. पाच रेटिंगची ती अट आज छान दिसते, पण पुढच्या कुठल्या अधिवेशनात कशाला परवानगी देतील ते या मजकुरात कुठेच नाही, असू शकतही नाही. गोडासोबत कडू एकाच पुडीत, आणि मत मात्र एकच. असा जोडप्रश्न असला की माझी पद्धत अशी, दोन्ही वेगवेगळे आले असते तर मी काय केलं असतं ते आधी लिहायचं. दोन्ही यस, प्रश्नच नाही. एक यस एक नो असेल तर त्यातलं कोणतं नंतर मागे फिरवता येतं ते बघायचं. जास्त व्याज यावर्षी नाही तर दोन वर्षांनी नव्या, सुट्या प्रश्नाने मिळवता येतं, पण विधिमंडळाला एकदा दिलेली किल्ली परत मागायला तेच विधिमंडळ तुम्हाला बॅलट देईल याची खात्री काय? मिझुरीत साधारण ५४ टक्के नो पडले. ते असा विचार करून पडले की न कळल्यामुळे पडले, देव जाणे.

त्या बॅलटवर खर्चाचा अंदाजही छापलेला होता, राज्याला वर्षाला २० लाख डॉलर जादा व्याज आणि स्थानिक संस्थांना किमान ३४ हजार डॉलर. हे आकडे वाचताना एकच करायचं, शेजारी राज्याचं बजेट ठेवायचं. मिझुरीचं बजेट अब्जावधी डॉलरचं, त्यात २० लाख म्हणजे चहाला साखर. याचा अर्थ आकडा खोटा आहे असं नाही, पण एवढ्यासाठी घटनेतलं बंधन सैल करायचं का, हा प्रश्न त्या आकड्यामुळे झाकला जायला नको. पद बंद करायच्या प्रश्नातही तेच, पगार वाचतो पण काम संपत नाही, ते दुसऱ्या कोणीतरी पगारावरच करायचं असतं.

तिसरी जात म्हणजे दोन पदं एक करायची. बऱ्याच राज्यांत ट्रेझररसोबत कंट्रोलर नावाचा दुसरा अधिकारी असतो, बिल बरोबर आहे का ते तपासून पैसे द्यायचा आदेश तो काढतो आणि पैसे असतात ट्रेझररकडे. इलिनॉयमध्ये अजूनही दोन्ही निवडून येतात आणि एकत्र करायची मागणी तिथे पुन्हा पुन्हा होते. फ्लोरिडाने १९९८ च्या मतदानात दोन्ही मिळून चीफ फायनान्शियल ऑफिसर असं एक पद केलं, २००३ पासून ते चालू आहे. टेक्सासमध्ये १९९५ ला लोकांनी ट्रेझररचं पद बंद करून काम कंट्रोलरकडे दिलं, तिथेही शेवटच्या ट्रेझरर मार्था व्हाइटहेड स्वतःच पद बंद करा म्हणत निवडून आल्या होत्या. या दोन्ही राज्यांत आभाळ कोसळलं नाही, हे मान्य करायला हवं, एकत्र करणं म्हणजे लगेच घोटाळा असं नसतं. फक्त आदेश देणारा आणि पेटी सांभाळणारा एकच झाला की बाहेरचा ऑडिटर कितपत स्वतंत्र आहे, त्याला कोण नेमतं, हे जास्त महत्त्वाचं होतं. चौथ्या रकान्यात ऑडिटरचं नाव लिहिता येत असेल तर माझा तरी जीव खाली पडतो.

आता नियमांचं बघू, कारण ते राज्याराज्यात बदलतात आणि तिथे फसायला होतं. मिनेसोटात घटनादुरुस्ती पास व्हायला प्रश्नावर पडलेल्या मतांचं बहुमत पुरत नाही, त्या निवडणुकीत मतदान केलेल्या सगळ्यांचं बहुमत लागतं. म्हणजे प्रश्न कोरा सोडला तर तो नो धरला जातो! "मला कळत नाही म्हणून मी तटस्थ" असं तिथे नसतं. त्याच नियमात १९९८ ला मिनेसोटाने ट्रेझररचं पद बंद केलं, म्हणजे लोकांनी ते चांगलंच मनावर घेतलं होतं. फ्लोरिडात आता घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. मिझुरीत साधं बहुमत. विस्कॉन्सिनमध्ये लोकांपुढे यायच्या आधी लागोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांनी तेच मंजूर करावं लागतं, गव्हर्नरची सही लागत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न बॅलटवर यायच्या दोन-तीन वर्षं आधीच बातमीत असतो, जुन्या बातम्या शोधल्या की कोण काय म्हणालं होतं ते सापडतं.

वेळही बघा. टेक्सासमध्ये घटनादुरुस्त्या बऱ्याचदा विषम वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये असतात, विस्कॉन्सिनचा तो प्रश्न एप्रिलमध्ये होता, कोर्टाच्या जजच्या निवडणुकीसोबत. अशा आडवेळी मतदानाला येतात कमी, म्हणजे तुमच्या एका मताचं वजन जास्त, आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवण टाकायची ती खरं तर याच वेळी, प्रेसिडेंटच्या वेळी नाही, तेव्हा कोणी विसरत नाही.

प्रचाराच्या मेलमध्ये, पत्रकात नावं कोणाची आहेत ते बघा, पण नुसत्या पक्षावरून ठरवू नका. या प्रश्नावर पक्षांच्या रेषा नेहमी सरळ नसतात, ज्याच्याकडे गव्हर्नरपद असतं त्याला कामं गव्हर्नरकडे गेलेली आवडतात आणि सत्ता गेली की तोच स्वतंत्र ट्रेझररचं कौतुक करायला लागतो. स्वतःला एक प्रश्न विचारा, मला न आवडणाऱ्या पक्षाचा गव्हर्नर आला तर हीच व्यवस्था मला चालेल का? मी तरी हे विचारल्याशिवाय गोल काळा करत नाही.

यस आणि नोचा अर्थ छापलेला असतो तोही नीट वाचा. "काढून टाकायचं का" याला यस म्हणजे जाणार, "ठेवायचं का" अशी रचना असेल तर उलटं. घरात आई-बाबा सिटिझन झालेले असतील तर त्यांच्यासोबत बसून मराठीत एकदा बोलून घ्या, इंग्रजी त्यांना येतं पण ही वकिली इंग्रजी कोणालाच येत नाही. त्यांना मत काय द्यायचं ते सांगू नका, रकाने दाखवा, ते बरोबर प्रश्न विचारतात, बँकेत किंवा जिल्हा परिषदेत नोकरी झालेली असेल तर आपल्यापेक्षा जास्तच. केंद्रावर जाताना उत्तरं कागदावर लिहून न्या. फोनचे नियम राज्याप्रमाणे वेगळे असतात, टेक्सासमध्ये तर मतदानाच्या खोलीत फोन वापरू देत नाहीत, कागदाचा आधार बरा. आणि बॅलट दोन्ही बाजूंनी बघा, हे प्रश्न मागच्या पानावर असायची शक्यता दांडगी.

निकाल यस आला तरी दुसऱ्या दिवशी काही बदलत नाही. टेक्सासचं मतदान नोव्हेंबर १९९५ चं, पद बंद झालं सप्टेंबर १९९६ ला. मिनेसोटात मत १९९८ ला आणि पद संपलं जानेवारी २००३ मध्ये, चार वर्षांहून जास्त मध्ये गेली. तारीख मूळ मजकुराच्या शेवटी असते. मुलांचं ५२९ खातं ट्रेझररच्या ऑफिसकडून चालत असेल तर घाबरून पैसे काढायला जाऊ नका, पैसे तुमच्याच खात्यात मुलासाठी राहतात, चालवणारं सरकारी खातं बदलतं, फार तर नवी वेबसाइट आणि नवं लॉगिन. विसरलेल्या पैशांचंही तसंच, फक्त शोधायची जागा बदलते, विस्कॉन्सिनवाल्यांनी महसूल खात्याच्या साइटवर बघावं. आणि तिथे नाव शोधताना आपली मराठी नावं सगळ्या तऱ्हांनी टाकून बघा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव घालून आणि न घालून, लग्नाआधीचं आडनाव, क्षीरसागर एकदा के लावून एकदा एक्स लावून, देशपांडेंचा शेवटचा ई खाऊन. जुन्या अपार्टमेंटचं डिपॉझिट किंवा पहिल्या नोकरीचा शेवटचा चेक असा कुठे तरी चुकीच्या स्पेलिंगखाली पडलेला असतो.